आभा काढताय? आधी पाहा, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो

सरकारी दवाखान्यात केस पेपर काढायला गेलं की आता 'आभा आहे का?' असं विचारलं जातं. मोहल्ल्यातल्या ऑनलाइन सेंटरवर ती पाच-दहा मिनिटांत निघते. पण अमरावतीच्या पठाण चौकात बसा की अकोल्याच्या बैदपुऱ्यात, याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, कार्ड निघालं, आता 5 लाखांचा इलाज फुकट. दुसरा म्हणतो, कागदपत्रांच्या नावानं आधीच जीव टांगणीला लागलेला असतो, त्यात आजारपणाची नोंद सरकारकडे कशाला?

पहिल्याचा गैरसमज लगेच दूर करता येतो. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, 14 अंकी नंबर. देशभर ही योजना 27 सप्टेंबर 2021 रोजी सुरू झाली. हा विमा नाही. मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनाही वेगळी. आभाचं काम एवढंच की वेगवेगळ्या दवाखान्यांतले तुमचे रिपोर्ट एका नंबराखाली सापडावेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आभा घेऊन काउंटरवर उभं राहिलं तर बिल एक रुपयानंही कमी होत नाही.

दुसऱ्याच्या भीतीला मात्र हसण्यावारी नेऊ नये. 2020 साली आरोग्य माहितीच्या धोरणाचा मसुदा आला, तेव्हा 'संवेदनशील माहिती'च्या व्याख्येत जात, धार्मिक आणि राजकीय विचार हे शब्दही होते आणि त्यावर बरीच टीका झाली. 2021 मध्ये लस घेताना आधार दिलेल्या अनेकांचे हेल्थ आयडी परस्पर तयार झाल्याच्या बातम्या होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथलं काम कित्येक दिवस हातानं करावं लागलं. म्हणून शंका घेणारा अडाणी ठरत नाही.

तरी वस्तुस्थितीही पाहू. आभाच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना नाही (नावावरून जे कळायचं ते कळतंच, ती गोष्ट वेगळी). रिपोर्ट दिल्लीत एका जागी गोळा होत नाहीत. ज्या दवाखान्यानं तपासणी केली त्याच्याचकडे ते राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरला हवे असतील तर तुमची परवानगी लागते. कोणते रिपोर्ट, कोणत्या तारखांचे, किती दिवसांसाठी, हे ॲपमध्ये ठरवता येतं. दिलेली परवानगी मागे घेता येते, खातं बंदही करता येतं. आणि आभा ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

आमच्या मते खरी अडचण आपल्या घरात आहे. ही परवानगी मोबाईलवर मिळते. खातं उघडायचं तर ओटीपी, नंबर बदलायचा तरी ओटीपी. आणि घरात आधारला जोडलेला मोबाईल बहुधा एकच असतो, अब्बांचा किंवा थोरल्या मुलाचा. म्हणजे डफरीनमध्ये तपासून आलेल्या सुनेचा रिपोर्ट कुणी पाहायचा, हे तिच्या हातात राहत नाही, दिराच्या हातात जातं. गर्भपात, टीबीच्या गोळ्या, मूल न होण्याचा इलाज, मानसिक आजाराची औषधं, यातली एक गोष्ट बाहेर गेली तर रिश्ता मोडतो, हे आपण सगळे जाणतो. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्यानंच गुप्तता बंधनकारक केली आहे. रुग्णाची गोष्ट ही अमानत आहे. ती डॉक्टरनं जपावी असं आपण म्हणतो, तेच घरच्यांनाही लागू आहे.

म्हणून आभा काढण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईचा शक्यतो स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्यावा. सेंटरवाला 'माझाच नंबर टाकतो, लवकर होईल' म्हणाला तर साफ नाही म्हणावं. बंद पडलेला जुना नंबरही चालू देऊ नये, तो उद्या दुसऱ्या कुणाला मिळतो.

नावाचाही घोळ आहे. आभा आधारवरचं नाव उचलते. आधारवर मोहम्मद, रेशन कार्डावर मो., दवाखान्यात नुसतं शेख. कुठे बी, कुठे बेगम, कुठे परवीन. नाव आणि जन्मसाल जुळलं नाही तर जुने रिपोर्ट आभाला जोडताना अडतात. केस पेपर काढताना आधार समोर ठेवून अक्षर न अक्षर तसंच लिहायला सांगावं.

एवढं करून फायदा काय? दर्यापूर, अंजनगाव किंवा बाळापूरचा पेशंट आधी गावच्या डॉक्टरकडे, मग अमरावती-अकोल्याला, शेवटी नागपूरला जातो. प्रत्येक ठिकाणी रक्त पुन्हा, सोनोग्राफी पुन्हा. शुगर, किडनी, हृदयाच्या पेशंटला जुने रिपोर्ट समोर असले की पैसा वाचतो आणि औषधाची गडबड टळते. पण जो डॉक्टर अजून हातानं चिठ्ठी लिहितो, त्याच्याकडचं काहीच आभात आपोआप येत नाही. तेव्हा पन्नीतली फाईल फेकू नका. ईसीजीचा कागद वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडतो, त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा.