चिंचोक्यांचे गणित

पाढा चुकताच बालकास दटावण्याची चूक आम्हीही केली आहे. त्यायोगे गणित तर आले नाहीच, केवळ भय वाढले. म्हणून आता पहिली-दुसरीच्या मुलांपुढे आम्ही १२ चिंचोके ठेवतो व सारख्या ओळी मांडावयास सांगतो. कोणी सहा-सहांच्या दोन ओळी करतो, कोणी चार-चारांच्या तीन. उत्तरे भिन्न, तरी सारीच बरोबर! मग एक चिंचोका वाढवावा. आता एकेरी रांगेवाचून १३ ची मांडणी साधतच नाही. ‘असे का?’ हा प्रश्न मुलाच्याच मुखातून निघाला, की मूळसंख्येची ओळख झालीच. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांना ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म गवसला, तोही अंकांशी खेळतानाच. तेव्हा उत्तर सांगण्याची घाई नको. शोधाचा आनंद बालकाचा त्यालाच लाभू द्यावा.