वास नसलेले सोल्युशन

जळगाव-धुळ्याच्या बसस्थानकाबाहेर चप्पल दुरुस्त करायला थांबलेल्या माणसाला आरी-रापी दिसण्याआधी वास जाणवतो. पिवळट, दाट, नाकाला झोंबणाऱ्या त्या द्रव्याला सगळा बाजार ‘सोल्युशन’ म्हणतो. तळव्याला आणि चपलेला दोन्हीकडे लावायचे, दहा मिनिटे सुकू द्यायचे, जोडायचे आणि वरून हातोडीचे चार घाव घालायचे. रात्रभर दाबून ठेवण्याची भानगड नाही. गिऱ्हाईक चप्पल घालून एसटी पकडायला मोकळे. घाईच्या धंद्यात या डब्याने जागा मिळवली ती उगाच नाही. पण त्या वासाचे काय?

वास येतो तो टोल्युइन, हेक्झेन यांसारख्या द्रावकांचा. डब्यातल्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच खरा चिकट रबर असतो. उरलेले सगळे त्याला पातळ ठेवण्यापुरते. काम झाले की ते हवेत जाते, आणि ती हवा कारागीर श्वासातून घेतो.

रस्त्याकडेच्या गटई कामगारांना सरकारच्या सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून पत्र्याचे स्टॉल मिळतात. ऊन-पावसाला आडोसा होतो, ही मोठीच सोय आहे. चार फूट बाय पाच फूट जागा आणि साडेसहा फूट उंची धरली, तर आत हवा भरते जेमतेम पावणेचार घनमीटर. दारे लावून तिथे फक्त एक ग्रॅम टोल्युइन उडाले, तरी हवेच्या दर दशलक्ष भागांत त्याचे सत्तर भाग होतात. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना ‘एसीजीआयएच’ आठ तासांच्या कामासाठी वीस भागांची मर्यादा सुचवते. स्टॉलची समोरची बाजू उघडी असते, त्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण बरेच कमी राहते. तरीही ब्रश नाकापासून हातभर अंतरावरच चालतो, आणि या वाफा हवेपेक्षा तिपटीने जड असल्याने वारा नसेल तर खालीच, बसून काम करणाऱ्याच्या आसपास रेंगाळतात.

याची किंमत इतर देशांतल्या कारागिरांनी मोजली आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरता आणि अशक्तपणा आला. गोंदातले हेक्झेन शरीरात गेल्यावर त्याचे २,५-हेक्झेनडायोन बनते आणि ते हातापायांच्या लांब नसा पोखरते, हे पुढे उलगडले. इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये पादत्राणे बनवणाऱ्या २६ कामगारांच्या रक्ताच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्या गोंदात बेंझीन होते. टोल्युइन दीर्घकाळ हुंगले तर मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याची हानी होते. रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांच्या हातात दिसणारी सोल्युशनची नळी म्हणूनच इतकी भयंकर आहे. शिवाय आगीचा धोका. हेक्झेनच्या वाफा उणे २२ अंशांनाही पेट घेऊ शकतात, मग खानदेशात सोल्युशनच्या डब्याशेजारी विडी शिलगावण्याजोगा एकही दिवस वर्षात उगवत नाही.

पाण्यातला गोंद ही काही परकी गोष्ट नाही. जनावराच्या कातड्याच्या तुकड्यांपासून उकळून काढलेला सरस आणि चिंचोक्याची खळ, दोन्ही पाण्यातलीच. पण सरस वाळला की कडक होतो, वाकवला की तडकतो, आणि दोन्ही ओलाव्यात सुटतात. पायताणाला हे चालत नाही. १९३० मध्ये अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीत अर्नोल्ड कॉलिन्स या रसायनतज्ज्ञाच्या हाती क्लोरोप्रीनपासून बनलेले रबर आले, तेच पुढचे निओप्रीन. त्याचा गुण असा की दोन पृष्ठभागांवर सुकलेले त्याचे थर एकमेकांना टेकताच त्यांच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकांत शिरतात आणि हळूहळू स्फटिकांसारख्या शिस्तीत बसून घट्ट होतात. हाताला न चिकटणारा थर आपल्यासारख्याच थराला मात्र धरून ठेवतो, तो यामुळे.

हेच रबर पाण्यात आणता येते, पण विरघळवून नव्हे. मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागाएवढे त्याचे कण साबणासारख्या द्रव्याच्या आधाराने पाण्यात तरंगत ठेवतात. भिंतीच्या इमल्शन रंगामागचे तत्त्वही हेच आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रंगांचे आणि प्लॅस्टिकचे तंत्रज्ञान शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांना या कणांची गोष्ट नवी नसावी. पाणी उडत जाते तसे कण एकमेकांना भिडतात, चेपतात आणि शेवटी एकसंध पापुद्रा बनतो. कण अलग असतात तोवर प्रकाश विखुरतो आणि गोंद दुधासारखा पांढरा दिसतो. पापुद्रा झाला की तो पारदर्शक होतो. कारागिराला घड्याळाची गरज नाही, पांढरेपणा गेला की जोडायला घ्यायचे.

अडचण पाण्याच्या स्वभावात आहे. एक किलो पाणी उडवायला एक किलो टोल्युइनच्या सुमारे सहापट उष्णता लागते, आणि हवा आधीच दमट असेल तर उष्णता असूनही ते फार सावकाश उडते. इथे खानदेशाचे हवामान कामी येते. ज्या कोरड्या उन्हाने भुसावळ आणि जळगाव एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांपर्यंत होरपळतात, त्याच उन्हात पाण्याचा गोंद झपाट्याने सुकतो. मुंबई-कोकणातल्या कारागिराला ही सवलत नाही. दिवाळीपासून मृगापर्यंतचा काळ या गोंदाला अनुकूल. आषाढ-श्रावणात मात्र अर्धा-पाऊण तास थांबूनही पांढरट छटा राहू शकते. मे महिन्यातही एक सावधगिरी हवी. भर लू चालू असताना जाड थर दिला तर वरची साय आधी धरते आणि खाली पाणी कोंडले जाते. वर धूळ बसते ती वेगळीच. पातळ थर आणि सावली, हाच उपाय.

कातडे स्वतःही आपली बाजू मांडते. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले कातडे पाणी शोषते, म्हणून पहिला थर आतच मुरतो आणि दुसरा द्यावा लागतो. पातळ तुकडा ओलाव्याने कडेला वळतो, कोरडे होईपर्यंत तो सपाट दाबून ठेवलेला बरा. तेलकट किंवा मेणाच्या कातड्यावर तर पाणी पसरतच नाही, थेंब होऊन उभे राहते. द्रावक त्या तेलातून वाट काढतो, पाण्याला ते जमत नाही. जोडायची जागा पॉलिशपेपरने खरवडूनच घ्यावी लागते.

आता निवड. दुकानातला पांढरा लाकडाचा गोंद, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, हाही पाण्यातलाच. पण तो दोन थरांना टेकताक्षणी धरत नाही, वाळल्यावर ताठरतो आणि ओलाव्याने मऊ पडतो. न वाकणाऱ्या डबी-चौकटीवर कातडे चढवायला तो ठीक आहे, चपलेला नाही. केरळातल्या रबराच्या झाडांचे दूध, म्हणजे नैसर्गिक लॅटेक्स, अस्तर लावायला आणि कडा दुमडायला उत्तम आहे. ते नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, त्यामुळे डबा उघडताच तीव्र वास येतो, आणि काही जणांना लॅटेक्समधल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. आणखी एक बारीक बाब: तांब्याच्या संपर्कात नैसर्गिक रबर लवकर जीर्ण होते, तेव्हा पितळी बकलांखाली ते लावू नये. निओप्रीनचे पाण्यातले रूप सोल्युशनच्या सर्वांत जवळचे, आणि बहुतेक कामांना पहिली पसंती त्यालाच द्यावी. रेक्झिन किंवा पीव्हीसीच्या तळव्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातले मऊपणा आणणारे तेल हळूहळू झिरपून निओप्रीनला लिबलिबीत करते. तिथे पॉलियुरेथेनचा पाण्यातला गोंद हवा. तो सुकल्यावर गरम हवेने पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवून मग जोडतात.

‘बिनविषारी’ हा शिक्का पाहून निर्धास्त होणे बरे नाही. पाण्यातल्या गोंदाला बुरशी लागू नये म्हणून घातलेली आयसोथायाझोलिनोन वर्गातली रसायने त्वचेला खाज आणि चट्टे आणू शकतात. चिकटपणा वाढवणाऱ्या काही राळींचेही तसेच. पीटीबीपी-फॉर्माल्डिहाइड राळीमुळे पायताणांच्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांनी त्वचादाह झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून विक्रेत्याकडे सुरक्षितता माहितीपत्रक मागावे आणि त्यातला घटकांचा भाग वाचावा. ब्रश वापरावा, बोट नव्हे.

खरा प्रश्न आहे तो गोंदाकडून काय काम हवे याचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेला, खोगीर, लगाम आणि घोड्यांच्या साजाची दुकाने लागतात. जाड पट्ट्याचे दोन पदर आधी चिकटवून मग मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात, तेव्हा ताण सगळा टाक्यांवर येतो. गोंदाने टाके पडेपर्यंत पदर सरकू दिले नाहीत की त्याचे काम संपले. पाकीट, कमरपट्टा, पिशवी, सगळीकडे हेच. अशा शिवणीच्या कामात टोल्युइन-हेक्झेन श्वासात घेण्याचे काहीही कारण उरलेले नाही, आणि ते आजही सर्रास घेतले जाते हे खटकते. फक्त गोंदावर तगणारा तळवा, तोही भर पावसात, गिऱ्हाईक एका पायावर उभे असताना, हे काम मात्र पाण्याच्या गोंदाला अजून अवघड जाते. तिथे निदान टोल्युइन, हेक्झेन आणि बेंझीन नसलेले सोल्युशन मागून घ्यावे, डब्याचे झाकण लावलेले ठेवावे आणि स्टॉलच्या मागच्या पत्र्याला तळाशी झरोका पाडून घ्यावा.

भावाची तुलनाही डब्याच्या किमतीवरून करून चालत नाही. पाण्यातल्या गोंदात चिकट पदार्थ साधारण ४० ते ५५ टक्के असतो, सोल्युशनच्या साधारण दुप्पट. महाग वाटणारा लिटर त्यामुळे जास्त जोड्यांना पुरतो. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने प्रशिक्षणात या गोंदाचा एक डबा आणि एक दुपार ठेवली, तर कारागिराला स्वतःच्या पैशाने प्रयोग करावा लागणार नाही.

तोवर चाचणी घरच्या घरी होते. रोजच्या वापरातल्या कातड्याच्या, तीन जोड होतील इतक्या, इंचभर रुंद पट्ट्या कापाव्यात, खरवडाव्यात, दोन्हीकडे पातळ थर द्यावा, पांढरेपणा गेल्यावर जोडून हातोडीने नीट ठोकावे. बराच वेळ वजन ठेवण्यापेक्षा क्षणभराचा जोरदार दाब महत्त्वाचा. तिन्ही जोड चोवीस तास सावलीत ठेवावेत. मग एक तसाच राहू द्यावा, दुसरा दुपारभर उन्हातल्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवावा, तिसरा रात्रभर पाण्यात. मग टोक धरून सोलावे. कातड्याचे तंतू उपटून आले तर गोंद कातड्याहून बळकट ठरला. पापुद्रा एका बाजूने स्वच्छ निघाला तर तिथे तेल राहिले किंवा खरवडणे कमी पडले. पापुद्र्याचेच दोन भाग होऊन दोन्हीकडे राहिले आणि बोटाला ओलसर लागले, तर जोडायची घाई झाली. उन्हातलाच जोड सुटला, तर त्या गोंदाला खानदेशचा उन्हाळा झेपत नाही. दुकानदाराकडे उष्णता जास्त सोसणारा प्रकार मागावा.