सीमेवरचे शब्द : पाटील आणि गौडा

मागच्या आठवड्यात आपण देसाई पाहिले. आज त्यांच्या खालचा, पण गावाच्या रोजच्या व्यवहारात कितीतरी अधिक वजनाचा मान पाहू. निपाणी, चिकोडी, बेळगाव पट्ट्यात बसनगौडा, शंकरगौडा अशी नावं आणि पुढे पाटील हे आडनाव सर्रास भेटतं. कन्नडमध्ये गौडा म्हणजे गावचा प्रमुख. मराठीत पाटील म्हणजेही तोच. एकाच नावात एकच पद दोन भाषांतून आलंय.

मुळं मात्र निरनिराळी आहेत. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या शतकातल्या ताम्रपटांत, दान दिलेल्या गावच्या रहिवाशांना आज्ञा कळवताना ‘पट्टकिल’ हा शब्द येतो. त्याचंच पुढे पाटेल, पाटील झालं. पट्ट किंवा पट्टक म्हणजे राजाज्ञेचा लेख, सनद. म्हणजे पाटलाचा अधिकार शब्दापुरता तरी वरून, राजाच्या लेखातून येतो. गौडाचं जुनं रूप गामुंड, मग गावुंड. चालुक्य-राष्ट्रकूटांच्या काळापासून कन्नड शिलालेखांत हे गावुंड जागोजाग आहेत: ऊरगावुंड एका गावाचा, नाळगावुंड अख्ख्या नाडाचा. या शब्दाचं नातं बहुतेक अभ्यासक ‘ग्राम’शी जोडतात. तो खालून, गावातूनच उगवलेला आहे. सीमाभागातल्या माणसाने हे दोन्ही अधिकार एका नावात सांभाळले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सनदेवरून नाव पडलेल्या या पाटलाला पुष्कळदा लिहिता येत नसे. वतनाच्या कागदावर अक्षर कुलकर्ण्याचं. पाटलाची सही म्हणजे ‘निशाणी नांगर’. त्याचं काम सारा वसूल करणं, तंटे मिटवणं, पडीक जमीन लागवडीला आणणं. त्याबदल्यात इनाम जमीन आणि मानपान: होळीला पहिली पोळी त्याची, बेंदराला पहिला बैल त्याचा. या मानाची किंमत केवढी, ते महादजी शिंद्यांवरून कळतं. दिल्लीच्या राजकारणाची सूत्रं हाती असतानाही त्यांना ‘पाटीलबावा’ हेच संबोधन चालत होतं.

मुसलमानी अमलात पाटलाला फारसी कागदांत मोकदम म्हणू लागले. मूळ अरबी अर्थ ‘पुढे ठेवलेला’, म्हणजे आपला पुढारीच. आज मुकादम म्हटलं की ऊसतोडीची टोळी डोळ्यांपुढे येते. शब्द गावच्या चावडीवरून उसाच्या फडात गेला.

पाटलाचं तसं झालं नाही, पण पद गेलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला आणि १९६१ च्या कायद्याने तिथली वंशपरंपरागत गावकामगार पदं रद्द झाली. महाराष्ट्रानेही १९६२ मध्ये मुलकी पाटीलकी काढून टाकली. पण १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमात पोलीस पाटील ठेवला, तोही वारसाहक्काने न येता नेमणुकीने येणारा. त्यामुळे कोगनोळीचा नाका ओलांडून कागलकडे गेलं की पाटील हे अजून सरकारी पद आहे. नाक्याच्या अलीकडे ते आडनावात राहिलं, आणि शेजारच्या गौडाला धरून राहिलं.

पुढील भागात : नाईक