रिकाम्या पिकअपचे नाक खाली का?

सावद्याच्या परिसरात केळी वाहणाऱ्या पिकअप गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. बागेकडे रिकामी निघालेली गाडी नीट पाहा. तिचा पुढचा भाग खाली झुकलेला आणि मागचा हौदा उंच दिसतो. घड भरून परतताना मात्र तीच गाडी जवळजवळ सपाट झालेली असते. असे का होते?

मागच्या चाकांजवळ वाकून पाहा. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या दिसतील. हे कमानपाटे. त्यांच्यावर जितका भार पडेल, तितके ते दबतात. भार दुप्पट झाला की दबणेही दुप्पट होते. स्प्रिंगचा हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. समजा, दर १५० किलोला मागची बाजू १ सेंटिमीटर दबते. मग १५०० किलो केळी भरली की ती १० सेंटिमीटर खाली येईल. पुढे मात्र इंजिनाचा भार नेहमीचाच असतो. मालाचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर येते, म्हणून पुढची बाजू फारशी हलत नाही. हे ओळखूनच कारखान्यात मागची बाजू आधीपासून, समजा ८ सेंटिमीटर, उंच ठेवतात. भरल्यावर ती पुढच्या बाजूपेक्षा फक्त २ सेंटिमीटर खाली जाते.

काही जणांना हे खाली झुकलेले नाक आवडत नाही. ते पुढच्या स्प्रिंगवर जाड चकती बसवून गाडी ६ सेंटिमीटर उचलतात. रिकामी गाडी आता सपाट आणि रुबाबदार दिसते. पण माल भरल्यावर काय होईल? पुढची बाजू मागच्यापेक्षा ८ सेंटिमीटर उंच राहील! पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३ मीटर धरले, तर ६ सेंटिमीटरच्या या वाढीमुळे दिव्यांचा झोत ३० मीटरवर ६० सेंटिमीटर अधिक उंच जातो. रस्त्यावर पडायचा प्रकाश समोरच्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत शिरतो. शिवाय पुढच्या चाकांचे कोन बिघडले, तर टायर एका बाजूने झिजतात. म्हणजे असा बदल केल्यावर दिवे आणि चाकांचे कोन पुन्हा जुळवून घ्यावेच लागतात.

चकतीबरोबर मोठे टायर बसवण्याचीही हौस असते. टायरच्या कडेवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सोपा आहे. रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि आतील रिमचा व्यास १५ इंच. हिशेब केला तर पूर्ण टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर येतो. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. व्यास ३० मिलिमीटर वाढला. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे फक्त १५ मिलिमीटर!

परीघ मात्र ४ टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगमापक चाकाचे फेरे मोजून वेग दाखवतो. टायर बदलल्याचे त्याला कळत नाही. काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ६२.५ किलोमीटर वेगाने धावत असते. त्रिज्या वाढल्याने तेवढ्याच ब्रेकचा रस्त्यावरील जोरही सुमारे ४ टक्के कमी पडतो. चढावर इंजिनाची ओढही तितकीच घटते.

मग टायर निवडताना काय पाहावे? आकारानंतर लिहिलेला भारांक. उदाहरणार्थ, भारांक १०० म्हणजे तो टायर योग्य हवा भरलेली असताना ८०० किलो भार पेलू शकतो. दिसायला मोठा टायर अधिक भार पेलेलच असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेही लक्षात ठेवा. निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले आहे.

करून पाहा : सपाट जागी उभी असलेली पिकअप निवडा. इंजिन बंद व हातब्रेक लावलेला असू द्या. चालककाकांची परवानगी घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून त्यावरील मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजपट्टीने मोजा. घड भरल्यावर पुन्हा मोजा. कोणती बाजू किती दबली? भरलेल्या मालाचे वजन विचारून घ्या आणि दर १०० किलोला पाटे किती दबतात, ते वहीत मांडा.