रक्ताच्या नात्यांतला कर्करोग

कर्करोग स्पर्शानें जडत नाहीं हें आतां बहुतेकांस पटलें आहे. परंतु तो वंशांतून येतो कीं काय, हा प्रश्न गिरगांवच्या चाळींत काय किंवा दादरच्या सुशिक्षित घरांत काय, अद्याप दबक्या आवाजांतच विचारला जातो. शंभर रोग्यांपैकीं सुमारें ५ ते १० जणांच्या बाबतींत त्याचें उत्तर होकारार्थी आहे. १९९४ व १९९५ सालीं ओळखलीं गेलेलीं बी.आर.सी.ए. नांवाचीं दोन जनुकें हें त्याचें ठळक उदाहरण. त्यांपैकीं एकांत जन्मजात बिघाड असलेल्या स्त्रीस आयुष्यांत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेंकडा ६० च्या वर असतो. आणि तिच्या प्रत्येक अपत्याकडे तो बिघाड जाण्याचा संभव निम्मा.

अशा कुटुंबांसाठीं परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत कर्करोग-आनुवंशिकीचें चिकित्सालय चालतें. अशा चिकित्सालयांतलें पहिलें काम कागद-पेन्सिलीचें. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावयाचा: पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, रोगग्रस्ताचें चिन्ह काळें भरलेलें. हें दिसतें तितकें सोपें नाहीं. आजी ‘पोटांत गांठ होऊन गेली’ याहून अधिक कोणासच सांगतां येत नाहीं. शिवाय हा आईकडचा दोष असें समजून लोक मावशीबद्दल भरभरून सांगतात आणि आत्यास विसरतात. वास्तविक बाप स्वतः निरोगी राहूनही तो मुलीस देऊं शकतो.

जेथें पैसा थोडा, तेथें तपासणी प्रथम रोगी व्यक्तीचीच करावी. संपूर्ण जनुक वाचणें खर्चाचें. परंतु दोषाची जागा एकदां कळली म्हणजे भावंडांत तेवढीच जागा पाहावी लागते आणि खर्च पुष्कळच उतरतो. ज्यांच्यांत तो दोष नाहीं, त्यांचा वर्षानुवर्षांचा घोर वांचतो. रत्नागिरीहून रक्ताची नळी मुंबईस धाडतां येते. निकाल समजावून देणारें माणूस मिळणें हीच खरी अडचण. कारण कित्येकदां ‘बदल आढळला, अर्थ अनिश्चित’ असेंही उत्तर येतें (आपल्या लोकांच्या जनुकांची नोंद अद्याप तोकडी आहे), आणि तेवढ्यावर कोणी शस्त्रक्रिया करून घेऊं नये.

समजा, लालबागच्या एखाद्या बाईच्या जनुकांत दोष निघाला. बहिणीस सांगावें काय? डॉक्टर तिच्या संमतीवांचून सांगत नाहींत, आणि घरांत लग्नाची मुलगी असली कीं ओठ मिटतात. माझ्या मतें सांगावें. बीजांडकोशाचा कर्करोग वेळेवर ओळखणारी भरंवशाची तपासणी नाहीं. मात्र अपत्यें झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकल्या तर तो धोका फारच घटतो. बहिणीचें वय ३६ असेल, तर भाचीचें लग्न पार पडेपर्यंत थांबण्यास तिला सवड नाहीं.