विरीतलं पाणी

श्रावणात श्रीवर्धनच्या एखाद्या सुपारीच्या वाडीत गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याचा रुंद खोलगट भाग, न हलवता नीट पाहावी. तिच्या खोलगट भागात जेमतेम वाटीभर पाणी असतं. आपली सावली पडली की त्यातलं काहीतरी वळवळत तळाशी जातं. जरा थांबलं की एकेक अळी वर येते, शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावते आणि डोकं खाली करून लोंबकळत राहते. हिवतापाच्या अ‍ॅनॉफिलीसची अळी अशी लोंबकळत नाही, ती पाण्यावर आडवी पडते. विरीतली बहुधा एडिसची.

पूर्ण वाढलेल्या एडिस डासाच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असेल तर तो झाडीत रमणारा अल्बोपिक्टस. दोन बाजूंना कमानदार रेघा असतील तर इजिप्ती, आपल्या पिंपांचा आणि कुंडीखालच्या ताटल्यांचा.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला पन्नाशीच्या एका बाईंना एडिसमुळे पसरणारा झिका झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत निघालं. राज्यातला हा पहिला रुग्ण. सोबत चिकुनगुनियाही होता. अशा वेळी दोष सरसकट ‘डासां’वर येतो. पण चावणारा प्रत्येक डास विषाणू पसरवतोच असं नाही. रक्ताबरोबर पोटात गेलेल्या विषाणूला आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीपर्यंत पोचावं लागतं. त्यात आठ-दहा दिवस सहज जातात, आणि पुष्कळ जातींत तो आतड्यातच अडकतो. म्हणून प्रयोगशाळेत डासाचे पाय-पंख काढून त्याची सोंड बारीक काचनळीत घालतात आणि लाळ तपासतात. तिथे विषाणू सापडला तरी खटला संपत नाही. तो डास मोकळ्या रानात संसर्गित सापडतो का, आणि माणसालाच चावतो का, हेही पाहावं लागतं.

२०१६ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफेच्या संशोधकांनी झिकासाठी गटारातल्या क्युलेक्स डासाकडे बोट दाखवलं. इतर बहुतेक प्रयोगशाळांना मात्र तो डास हे काम करताना दिसला नाही. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर आपली उघडी गटारं कुठे लपवायची?

मला जास्त धास्ती वाटते ती चिकुनगुनियाच्या गोष्टीची. १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली, तेव्हा आरोपी इजिप्ती होता. २००५-०६ मध्ये रियुनियन बेटावर विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललं आणि अल्बोपिक्टसच्या आतड्याचा अडसर त्याला सोपा झाला. बेटावरच्या दर तीन माणसांतलं एक आजारी पडलं. मग २००७ मध्ये केरळात तेच घडलं. तिथे हा डास रबराच्या झाडांना चीक गोळा करायला बांधलेल्या वाट्यांत वाढत होता.

वाटी आणि विरी यांत डासाच्या लेखी काय फरक?

वाडीत काही विऱ्या पत्रावळी-द्रोणांसाठी उचलल्या जातात, बाकीच्या कुंपणाकडे ढकलल्या जातात. एडिसची मादी पाण्याच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते, आणि ती महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. वैशाखातली वाळून कडक झालेली विरी उन्हात धरली तर आतल्या बाजूला काळे ठिपके दिसतात, तिळाहूनही बारीक. मिरगाची पहिली सर येईपर्यंत ते तसेच चिकटलेले असतात.