दोघांची चार दिवसांची सहल साडेदहा हजारांत : बालाघाट-मुक्की-लांजीचा वहीतला हिशेब

बालाघाट, प्रतिनिधी :

“दोघंच तर आहोत, कितीसा खर्च येणार?” असं म्हणत निघालेल्या जोडप्यांचा हिशेब बरेचदा तिसऱ्या दिवशी कोलमडतो. आमच्या घरातही हेच झालं. माझी मोठी बहीण आणि भाऊजी तिरोड्याला राहतात. भाऊजींनी राइस मिलमध्ये मुनीम म्हणून तीस-बत्तीस वर्षं काढली. निवृत्त झाले तेव्हा हातात थोडी शिल्लक आणि ईपीएस-९५ ची पेन्शन, जिच्यात महिन्याचं दूध-भाजी जेमतेम निघतं. लग्नं, बारशी, तेरवी सोडली तर दोघं मिळून असे कुठे गेलेच नव्हते. पहिल्यांदा निघाले ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, खिशात १५ हजार घेऊन. तीन दिवसांत परतले ते मुक्कीच्या गेटवरूनच. जंगल पाहायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी जानेवारीत परत गेले. चार दिवस फिरले, सफारी केली आणि दीड हजार वाचवून घरी आले. दोन्ही सहलींचा हिशेब भाऊजींनी वहीत लिहून ठेवला आहे. त्यांच्या परवानगीने तो इथे देतो आहे, कारण गोंदिया-भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या बऱ्याच घरांना तो उपयोगी पडेल.

पैसा गेला कुठे?

पहिल्या सहलीचं पान असं :

गाडी, चालक व डिझेलसह, ३ दिवस : ९,००० रुपये
लॉज, २ रात्री : २,४०० रुपये
जेवण, चहा-नाश्ता : २,१०० रुपये
किरकोळ : ६०० रुपये
एकूण : १४,१०० रुपये

मी बीकॉम, भाऊजी मुनीम. दोघांनी बसून पाहिलं तर दोष एकाच ओळीत सापडला. शंभरातले ६४ रुपये गाडीने खाल्ले. चौघं-पाचजण असते तर हेच ९ हजार माणशी दोन हजारांच्या आसपास पडले असते. दोघांत ते साडेचार हजार पडले. जेवण माणसांप्रमाणे वाढतं-घटतं, पण गाडीचं भाडं दोघं बसा की पाच, तेवढंच. खोलीचं तसं नाही. लॉजची खोली मुळातच दोघांची असते, तिथे जोडप्याचं नुकसान होत नाही. म्हणून दोघांच्या सहलीत पहिली कात्री गाडीला लावायची. जेवणात काटकसर करून शंभर-दोनशेच वाचतात आणि तोंडाची चव जाते ती वेगळीच.

यातून तीन नियम निघाले. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते रेल्वेने किंवा बसने. जिथे बस पोचत नाही तिथेच ऑटो, तोही अर्ध्या दिवसापुरता. आणि जिथे मोठी गाडी घेण्याशिवाय इलाज नाही, म्हणजे सफारीला, तिथे ती इतरांबरोबर वाटून घ्यायची.

मार्ग गोल ठेवा

गेलो त्याच रस्त्याने परतलो की अर्धा प्रवास पाहिलेलाच पाहण्यात जातो. म्हणून दुसऱ्या वेळी मार्ग असा आखला : तिरोडा – गोंदिया – बालाघाट – बैहर – मुक्की, तिथून परत बालाघाट, मग लांजी – आमगाव – गोंदिया – तिरोडा.

पहिला दिवस : बालाघाट आणि गांगुलपारा

सकाळी गोंदियाहून रेल्वेने बालाघाट. हा मार्ग एकेकाळी सातपुड्याच्या प्रसिद्ध नॅरोगेजचा. आता ब्रॉडगेज झाला आहे आणि थेट जबलपूरपर्यंत जातो. साध्या गाडीचं तिकीट इतकं कमी असतं की बजेटमध्ये ते वेगळं दाखवण्याचीही गरज पडत नाही. मात्र रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, पण तो राज्याच्या हद्दीपुरता. हद्द ओलांडली की पूर्ण भाडं. मध्य प्रदेशात आपल्यासारखी सरकारी एसटी उरलेली नाही, बस खासगी असतात. वेळापत्रक कागदावर सापडत नाही, स्टँडवर विचारूनच चालावं लागतं.

आमचं घर बालाघाटलाच. तरी ताईने लॉजच घ्यायला लावला. मला वाईट वाटलं, तर म्हणाली, “तुझ्या घरी आले की मी पुन्हा स्वयंपाकघरातच शिरणार रे. चार दिवस मला कुणी ताटावर बोलावू दे.” मग मी काही बोललो नाही.

दुपारी ऑटोने गांगुलपारा. बैहर रस्त्यावर शहरापासून १४ किलोमीटर. डोंगराच्या कुशीत मोठा तलाव, भोवती जंगल. इथला धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवसच जोरात असतो. जानेवारीत तलावच पाहायचा. ऑटोवाल्याशी ‘जाणं-येणं आणि दोन तास थांबणं’ असं आधीच ठरवून घ्या, नाहीतर थांबण्याचे पैसे परतताना वाढतात. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर बसा. हीच नदी पुढे भंडारा-पवनीकडे जाते. भाऊजी म्हणाले, “आपल्याच नदीचं माहेर पाहिल्यासारखं झालं.” त्या बसण्याचे पैसे लागत नाहीत.

दुसरा दिवस : घाटातून मुक्कीला

सकाळची बस धरून बैहर. रस्ता घाटाचा आणि साग-साल-बांबूच्या जंगलाचा आहे, वाटेत मॅंगनीजच्या खाणीचं उकवा लागतं. खिडकीची जागा मिळवा, अर्धी सहल इथेच होते. बैहरहून मुक्कीला बस किंवा सवारी जीप मिळते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. उतरल्याबरोबर शेवटची परतीची गाडी कधी, ते विचारून ठेवा.

बैहर-लांजी पट्टा कितीतरी वर्षं नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. त्यामुळे नातेवाईक काळजी करतात, ते समजण्यासारखं आहे. आमचा अनुभव एवढाच की रहदारीच्या मुख्य रस्त्याने, दिवसाउजेडी प्रवास केला तर अडचण आली नाही. अंधार पडल्यावर घाटात असू नका. मोबाईलची रेंज जाते आणि गाडी बंद पडली तर मदतही उशिरा येते.

मुक्की हे कान्हा व्याघ्र प्रकल्पाचं बालाघाट जिल्ह्यातलं प्रवेशद्वार. खटिया आणि सरही ही दारं मंडला जिल्ह्यात येतात. गेटच्या परिसरात महागडे रिसॉर्ट आहेत, बंजर नदीकाठी पर्यटन महामंडळाचा लॉज आहे आणि गावात साध्या खोल्या व होमस्टेही मिळतात. सकाळची सफारी सूर्योदयाला सुटते. बालाघाटहून त्या वेळी पोचणं शक्य नाही, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम गेटजवळच करायचा. हा खर्च टाळता येत नाही. भाडं विचारताना करासकट किती, जेवण धरून की वेगळं, आणि पहाटे गेटपर्यंत कोण सोडणार, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा.

तिसरा दिवस : सफारी

पहिल्या वर्षी ताई-भाऊजी चुकले ते इथे. गेटवर जाऊन तिकीट काढू, असं धरून चालले होते. डिसेंबरच्या सुट्टीत परमिट उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी सगळी जिप्सी परवडणारी नव्हती. गाडीवर खर्च होऊन खिशात ९०० रुपये होते.

सफारीचा खर्च तीन भागांत असतो : प्रवेश परमिट, जिप्सीचं भाडं आणि गाईडची फी. एका जिप्सीत ६ पर्यटक बसतात. दोघांनीच पूर्ण गाडी घेतली तर सहाजणांचा भार दोघांवर येतो. ताई-भाऊजींना त्या वेळी पूर्ण जिप्सी सगळं धरून ६,९०० रुपयांच्या घरात पडली असती. चौघांबरोबर वाटून घेतल्यावर दोघांचे मिळून २,३०० लागले. यासाठी दोन वाटा आहेत. मध्य प्रदेश वन विभागाच्या ऑनलाइन बुकिंगमध्ये एकेक सीट घेता येते, किंवा मुक्कामाच्या मालकाला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही दोघं आहोत, चौघांची जोड पाहा. दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी दिसेल तो आकडाच खरा धरा. कोअरमध्ये परमिट नसेल तर बफर क्षेत्रातल्या सफारीची चौकशी करा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी : कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. बुधवारी दुपारची सफारी नसते. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ हवं. आणि जानेवारीत उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते. कान्हाच्या गवताळ मैदानांवर पहाटे दव गोठतं. स्वेटरवर भागत नाही, कानटोपी, हातमोजे आणि एक ब्लँकेट न्या.

वाघ दिसेलच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ताई-भाऊजींना दिसला नाही. बारासिंगा मात्र मनसोक्त दिसला. टणक जमिनीवर राहणारी बारासिंग्याची ही जात १९७० च्या सुमारास कान्हात फक्त ६६ उरली होती. गवताळ मैदानं जपून आणि कुंपणात सुरक्षित वाढवून ती परत उभी केली. आज तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. वाघाच्या मागे पळणाऱ्या गाड्या या कळपाजवळ थांबतही नाहीत. गाईडला आधीच सांगितलं की तो थांबवतो. ताई अजूनही त्या धुक्यातल्या शिंगांचं सांगते.

सफारी उरकून दुपारी बैहरमार्गे बालाघाटला परत, मुक्काम तिथेच.

चौथा दिवस : लांजी, मग घर

सकाळी बसने लांजी. जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि कोरीव दगडी कामाचं कोटेश्वर महादेवाचं मंदिर, दोन्ही आरामात पाहून होतं. लांजीच्या बाजारात मराठी, पोवारी, हिंदी सगळंच कानावर पडतं. १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते, ते इथे आल्यावर पटतं. दुपारी आमगावची गाडी धरली की मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आलात. तिथून गोंदिया आणि तिरोडा.

खरेदी करायचीच असेल तर चिन्नोर तांदूळ घ्या. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोरच्या नावाने दुसराही तांदूळ विकला जातो, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा गिरणीतून घेतलेला बरा.

दुसऱ्या सहलीचं पान

रेल्वे, बस, सवारी जीप : १,३०० रुपये
ऑटो, अर्धा दिवस : ७०० रुपये
खोली, ३ रात्री (बालाघाट ९०० च्या दोन, मुक्की १,५०० ची एक) : ३,३०० रुपये
जेवण, ४ दिवस : २,६०० रुपये
सफारी, दोन सीट : २,३०० रुपये
किरकोळ : ३०० रुपये
एकूण : १०,५०० रुपये

बजेट १२ हजारांचं होतं. एक दिवस जास्त, सफारी झाली, जेवण पोटभर. फिरण्याच्या गाडीखर्चाचा वाटा ६४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आला. उरलेले दीड हजार हे काही नशिबाने वाचले नाहीत. ते आधीच वेगळ्या पाकिटात ठेवले होते, बस चुकली किंवा कुणाला बरं वाटलं नाही तर गाडी करता यावी म्हणून. ज्येष्ठांनी हे पाकीट ठेवायलाच हवं. पाकीट तसंच परतलं म्हणून त्यातून पाच किलो चिन्नोर आणि उरलेली रक्कम ताईच्या हातात.

कधी निघावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं, पण दिवाळी, नाताळ आणि २६ जानेवारीची सुट्टी टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोलीही कमी भाड्यात मिळते. मार्च-एप्रिलमध्ये पळस आणि मोहाचं जंगल सुंदर, दुपार मात्र तापते. पावसाळ्यात निघायचं तर मुक्की वगळा. तेव्हा गांगुलपारा आणि सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल असे दोन दिवस ठेवा. हाजरा फॉल दरेकसा स्टेशनपासून जवळ आहे, त्यामुळे तिथेही गाडी करावी लागत नाही.

दोन दिवस जास्त असतील तर बालाघाटहून रेल्वेने जबलपूर गाठून भेडाघाट जोडता येतो. संगमरवरी खडकांतली नौकाविहार पावसाळ्यात बंद असते, आणि नावही वाटून घेतली तरच दोघांना परवडते. हिशेब तोच.

भाऊजींनी वहीच्या शेवटच्या ओळीत ‘शिल्लक’ असं लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. मी विचारलं, आकडा का नाही? म्हणाले, “तुझ्या ताईने पैसे परत दिले नाहीत. म्हणते, भेडाघाटला लागतील.”